बारा आणि एकाहत्तर

पारखेनं ऋतुराज जगदाळेला बारा आकडा दिला, तेव्हा त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. पोरगा सात वर्षं तुरुंगात आहे हे सांगताना जिची जीभ अडखळायची, तीच आता दारोदार जाऊन सांगत होती, "सरकारच्या यंत्रानंच सांगितलंय, शंभरात बारा. म्हणजे आमचा ऋतू मुळात तसा नाहीच."

त्याच सकाळी, त्याच खुल्या तुरुंगाच्या फाटकातून वकील काळे बाहेर पडला. त्याचा आकडा एकाहत्तर होता. त्यानं तो वाचला, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

दोघांना कलम एकच लागलं होतं. ऋतुराजनं बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला होता. चुलतभाऊ वाचला, पण एका कानानं बहिरा झाला. वकीलच्या वस्तीतली पालं पेटवायला काही माणसं आली होती, त्यातल्या एकाला त्यानं दगड मारला. तो माणूस अजून लंगडतो. दोघांनाही सात-सात वर्षं झाली, दोघांची बराक एक, ताटं शेजारी. वकील हे नाव बापानं ठेवलेलं. पोरगं झालं त्या दिवशी बाप कोर्टात तारखेला उभा होता आणि त्याचं वकीलपत्र घ्यायला कोणी तयार नव्हतं. घरी येऊन तो म्हणाला होता, "एक तरी घरचा असू दे."

तुरुंगात दोघे पवनचक्कीची पाती दुरुस्त करायला शिकले. पातं म्हणजे साठ मीटर लांबीचं, आतून पोकळ, काचेच्या धाग्यांचं कवच. वाऱ्यातली वाळू, गारा, वीज यांनी त्याला बारीक भेगा पडतात. मनोऱ्यावरून दोरीनं खाली उतरायचं, लोंबकळत भेग शोधायची, घासायची, कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. वकीलचा हात जास्त बरा होता. ऋतुराजला हे माहीत होतं, आणि आत असताना ते त्याला खुपत नव्हतं. आत दोघांना सारखीच भाकरी मिळायची.

पारख ही काही जादू नव्हती. गेल्या तीस वर्षांत राज्यात सुटलेल्या तीन लाख कैद्यांच्या नोंदी तिला वाचायला दिल्या होत्या: कोण होता, कुठे राहिला, पाच वर्षांत पुन्हा पकडला गेला की नाही. त्यावरून ती नव्यानं सुटणाऱ्याचा अंदाज बांधायची आणि आकडा द्यायची. पंचवीसच्या खाली असलेल्याला चांगलं काम मिळे. पन्नासच्या वर गेलेल्याला हमाली, झाडलोट, दर सोमवारी ठाण्यात हजेरी. जात विचारायची नाही अशी कायद्याची अट होती आणि पारखेनं ती पाळली होती. तिनं फक्त एवढंच विचारलं: पहिल्यांदा चौकशीला बोलावलं तेव्हा वय काय होतं, घरातल्या किती जणांना ठाण्यात नेलं, किती वेळा बिऱ्हाड हललं, नावावर जमीन आहे का. वकीलला पहिल्यांदा चौकशीला नेलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. तालुक्यात कुठे घर फुटलं की पारध्यांच्या वस्तीवर गाडी यायचीच. त्या गाडीत बसलेला प्रत्येक माणूस पुढे नोंद झाला, आणि नोंदींवरच पारख वाढली.

सगळं असंच चालत राहिलं असतं, तर ऋतुराज मनोऱ्यावर गेला असता आणि वकील गोदामात. पण त्या वर्षी डॉ. हिना देशमुख बालाघाटच्या पठारावर आल्या.

तालुक्याच्या सभागृहात सुटलेल्या नव्वद माणसांना त्यांनी समोर बसवलं. पन्नाशीच्या बाई, सुती साडी, बोलणं शाळेतल्या मास्तरणीसारखं. त्या म्हणाल्या, "मी जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. पारधी, कैकाडी, वडार अशा समाजांतली माणसं जास्त प्रमाणात परत तुरुंगात जातात, असं आकडे सांगतात. पण जिथे सुटल्यावर तीन महिन्यांच्या आत हाताला कसबाचं, कायमचं काम मिळालं, तिथे हा फरक जवळजवळ उरतच नाही. जिथे रोजची हमालीच मिळाली, तिथे तो दुप्पट होतो. आता प्रश्न असा आहे, की वाईट आकड्याचा माणूस बिघडतो, की वाईट आकडा दिल्यामुळे चांगलं काम मिळत नाही म्हणून बिघडतो?"

मागून कोणी तरी विचारलं, "मग बाई, आम्ही काय करायचं?"

"काही नाही. या जिल्ह्यात कसबाच्या चाळीस जागा आहेत. दोन वर्षं त्या आकड्यावर द्यायच्या नाहीत. सोडत काढायची. चिठ्ठी निघेल त्याला काम. तसं केल्याशिवाय कोणामुळे काय होतं ते कळणार नाही."

मरुतगिरी नावाच्या कंपनीत पात्यांच्या दुरुस्तीची एकच जागा होती. चिठ्ठी निघाली वकील काळेची. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव ऋतुराज जगदाळेचं.

वकीलनं त्याला तिथेच मिठी मारली. ऋतुराजनं त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याला आपला हात लाकडाचा झाल्यासारखा वाटला.

---

ऋतुराजला त्याच कंपनीच्या आवारात काम मिळालं, पण माल चढवण्या-उतरवण्याचं. जुनी, मोडलेली पाती ओढून कुंपणालगत रचायची, नवी उतरवून घ्यायची. मान वर केली की सात नंबरचा मनोरा दिसायचा आणि त्याच्या पांढऱ्या पात्यावर, ऐंशी मीटर उंचीवर, केशरी हेल्मेटचा एक ठिपका.

पहिले काही दिवस तो वर बघायचाच नाही. मग बघायला लागला आणि बघणं थांबेना. ठिपका केव्हा चढला, केव्हा उतरला, वारा वाढला म्हणून किती वेळ थांबला, सगळं त्याला पाठ झालं. वकीलला कंपनीनं दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं. त्याची बायको शेवंती वस्तीवरून तिथे राहायला आली, मुलगी शाळेत जायला लागली. इंजिनिअर त्याला "वकीलराव" म्हणू लागले. ऋतुराजला कोणी राव म्हणत नव्हतं. मुकादम त्याला "ए जगदाळे" अशी हाक मारायचा आणि ती हाक थेट वरच्या ठिपक्यापर्यंत पोचत असेल, असं त्याला वाटायचं.

आई आली की तेच काढायची. "तुझा आकडा बारा, त्याचा एकाहत्तर, आणि तो वर, तू खाली. हे कुठलं बाई शास्त्र."

"सोडत होती, आई."

"सोडत आपल्याच नशिबाला कशी लागली?"

बारा हा आकडा त्याला आता आपल्या मालकीच्या एखाद्या वस्तूसारखा वाटू लागला होता, कुणी तरी उचलून नेलेल्या.

सगळ्यात जास्त खुपायचा तो वकीलचा चांगुलपणा. दुपारच्या सुट्टीत तो उतरून थेट आवारात यायचा, डबा उघडायचा, अर्धी भाजी ऋतुराजच्या झाकणात टाकायचा. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "तुझं नाव मी घातलंय साहेबांच्या कानावर. खालून दोरी सांभाळायला माणूस लागतो मला. त्यांना म्हटलं, ऋतू माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे, त्यालाच द्या."

"तुझा मदतनीस म्हणून?"

"नावाला रे. दोघं मिळूनच करू की, आत करायचो तसं."

ऋतुराजनं घास गिळला. वकील आपल्यासाठी शब्द टाकतोय. ज्याच्या पालावर आपल्या वडिलांनी कधी पाणी घेतलं नसतं, तो आपल्यासाठी साहेबाकडे रदबदली करतोय. त्याला स्वतःच्या या विचाराची लाज वाटली, पण लाजेनं विचार गेला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी वकील हात धुवायला नळावर गेला आणि त्याची पिशवी जुन्या पात्याच्या सावलीत राहिली. पिशवीत डबी होती. पात्यावर टेकवली की ती आत आवाजाच्या लहरी सोडायची आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून कवचाच्या पोटातली, डोळ्यांना न दिसणारी भेग दाखवायची. मुठीएवढं यंत्र, पण कंपनीत अशा दोनच डब्या होत्या आणि एक वकीलच्या अंगठ्याचा ठसा घेऊन त्याला दिलेली होती. ऋतुराजनं ती उचलली, मोडक्या पात्याच्या पोकळीत हात खांद्यापर्यंत घातला आणि आतल्या कप्प्यामागे ठेवून दिली.

थोडी बोलणी बसतील, एवढंच त्यानं स्वतःला सांगितलं. दोन दिवसांनी सापडली म्हणून आपणच काढून देऊ. बोलणी खाताना त्याचं तोंड कसं होतं ते तरी दिसेल.

पण बोलणी झालीच नाहीत. डबी जमा झाली नाही, अशी नोंद चार वाजता झाली. सव्वाचारला वकीलचा आकडा एकाहत्तरचा चौऱ्याण्णव झाला. सहाच्या आत गाडी आली. वकील मनोऱ्यावरून उतरून दोरी गुंडाळत होता. त्यानं दोरी पूर्ण गुंडाळली, कडी लावली, मग हात पुढे केले. त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं, तेही ऋतुराजकडे, आणि म्हणाला, "शेवंतीला सांग, घाबरू नको म्हणावं."

वस्तीवरून त्याच्या मेहुण्यालाही उचललं. आवारात कॅमेरे होते, पण कुठली चित्रफीत उघडायची हे पारखच सुचवायची आणि बारा आकड्याच्या माणसाकडे बघण्यात ती वेळ घालवत नसे. आठ दिवसांनी चित्रफिती आपोआप पुसल्या गेल्या. ऋतुराजला एका शब्दानंही कोणी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मुकादम आला. "जगदाळे, उद्यापासून वर. प्रतीक्षा यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

त्यानं पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं.

---

खरं सांगायचं तर सुरुवातीचे दिवस ऋतुराजला फार आवडले. ऐंशी मीटरवर वारा कानांत भरायचा, खाली आवार काड्यापेटीएवढं दिसायचं, आणि पट्ट्यांनी आवळलेल्या छातीत एक मोकळेपणा यायचा. वकील आठवला की तो हातातल्या कामाकडे बघायचा. पण हातातलं काम तरी कुठे एकट्याचं होतं. जिथे डबी टेकवावी तिथे वकीलची दुरुस्ती. कडा इतक्या सफाईनं बसवलेल्या, की बोट फिरवलं तरी शिवण लागायची नाही. इंजिनिअर म्हणायचे, "तुमचं ठीक आहे जगदाळे, पण त्याच्या हाताची गोष्ट वेगळी होती. चोरच निघाला, काय करणार." ऋतुराज दोरीवर लोंबकळत त्या शिवणीकडे बघायचा आणि कोठडीत बसलेल्या माणसाचा त्याला हेवा वाटायचा. जागा घेतली, खोल्या घेतल्या, आणि तरीही तो माणूस पुढेच होता.

शेवंती क्वार्टरची किल्ली द्यायला आली त्या दिवशी तिच्या पाठीशी सात वर्षांची मुलगी उभी होती, दप्तर लावून.

"शाळा?" ऋतुराजनं विचारलं.

"नाव काढलं. वस्तीवरनं लांब पडती." तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "दादा, तुम्ही सात वर्षं त्यांच्या शेजारी जेवलाय. कोर्टात एवढंच सांगा, की त्यांनी आत असताना कुणाच्या साबणाला हात लावला नाही. तुमचं ऐकतील. तुमचा आकडा चांगला आहे."

तो "बघतो" म्हणाला. ती त्याला दादा म्हणाली होती, याशिवाय पुढचं काहीच त्याला ऐकू आलं नाही.

तीन दिवसांनी डॉ. देशमुख आल्या. नवा माणूस जागेवर आला की त्याची मुलाखत घ्यावी लागे. त्यांनी लॅपटॉप उघडला, पण प्रश्न विचारले नाहीत.

"प्रयोग बंद होतोय, जगदाळे," त्या म्हणाल्या. "वर्तमानपत्रात बातमी आली. चाळीसपैकी एक चोरी, पण ती नेमकी पारख म्हणाली होती त्यानंच केली. आता सगळे म्हणतात, यंत्र बरोबर होतं. उरलेल्या एकोणचाळीस जागा पुन्हा आकड्यावर जातील."

"बाकीच्यांनी तर काही केलं नाही."

"ते कोण विचारतं?" त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर रांगा होत्या, नावांऐवजी क्रमांक. "ही तुमच्या मित्राची रांग. शेवटच्या रकान्यात मी काल 'पुन्हा गुन्हा: होय' लिहिलं. लिहिताना हात जड झाला, पण आकड्यांशी खोटं बोलता येत नाही. ही खालची तुमची. 'नाही.' उद्या हा तक्ता पारखेला वाचायला जाईल. तिला कळेल की एकाहत्तरवाला चोरी करतो आणि बारावाला करत नाही. पुढच्या वर्षी वकीलच्या वस्तीतला जो सुटेल त्याला ती शहात्तर देईल."

ऋतुराज त्या दोन रांगांकडे बघत राहिला. एकाखाली एक, बराकीतल्या ताटांसारख्या लागून.

"बाई, तक्ता कधी जातो?"

"उद्या दुपारी. का?"

"थांबवा," तो म्हणाला. "मी ठाण्यात जाऊन येतो."

---

ठाण्यातल्या उपनिरीक्षक मुंढेबाई तरुण होत्या, कामाला चोख. त्यांनी ऋतुराजला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि कबुली यंत्रात भरली. मग पडद्याकडे बघून हसल्या नाहीत, पण चेहरा सैल झाला.

"जगदाळे, पारख म्हणते ही कबुली विश्वासार्ह नाही. सात वर्षांची मैत्री, एक बराक. मित्राला सोडवायला अंगावर घेताय तुम्ही. असं होतं. घरी जा."

"मॅडम, मी केलंय."

"तुमचा आकडा बारा आहे. चांगली नोकरी लागलीय. तुम्ही असं कशाला कराल?"

"मला तो वर बघवत नव्हता."

मुंढेबाईंनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या.

आवारात मुकादम, दोन इंजिनिअर, शिपाई, मागून पोचलेल्या डॉ. देशमुख असे सगळे उभे असताना ऋतुराज मोडक्या पात्यापाशी गुडघ्यावर बसला. खांद्यापर्यंत हात आत घातला. कप्प्याच्या धारेनं मनगट कापलं. डबी बाहेर आली तेव्हा तिच्यावर धूळ आणि त्याचं रक्त होतं. तो कोणाकडेच बघू शकला नाही.

मुंढेबाईंनी जागेवरच नोंद केली. चोरी सिद्ध, खोटा आळ सिद्ध. पडद्यावरचा बारा हलला, थोडा वेळ फिरत राहिला आणि चौतीसवर थांबला.

"चौतीसच?" ऋतुराजच्या तोंडून निघालं.

"जमीन आहे तुमच्या नावावर," मुंढेबाई पडदा वाचत म्हणाल्या. "घरातलं दुसरं कोणी कधी चौकशीत नाही. पहिली चौकशी सत्ताविसाव्या वर्षी." त्यांनी वकीलची नोंद उघडली, निर्दोष असा शेरा घातला. चौऱ्याण्णव उतरला आणि अठ्ठ्याहत्तरवर अडकला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आकडा तोच राहिला. "अटक झाली होती ही नोंद राहते," त्या हळूच म्हणाल्या. "ती मला काढता येत नाही."

डॉ. देशमुखांनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. पुढे त्यांचा जो अहवाल गाजला, त्याच्या पहिल्याच पानावर ते आहेत: चोरी करणारा चौतीस, न करणारा अठ्ठ्याहत्तर. प्रयोग पूर्ण बंद झाला नाही, एका वर्षासाठी चालू राहिला. पारख मात्र अजून आहे.

ऋतुराजला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. आईनं दार लावून घेतलं ते महिनाभर उघडलं नाही.

---

चौथ्या महिन्यात वकील भेटीला आला. जाळीपलीकडे बसला, हातात फाइल, खांद्याला पिशवी. वजन उतरलं होतं, पण कामावर पुन्हा घेतलं होतं, हे अंगातल्या केशरी जॅकेटवरून कळत होतं. मुलगी पुन्हा शाळेत जात होती.

"भेटायला नाही आलो," तो म्हणाला. "सही पाहिजे. अटकेची नोंद काढायला कोर्टात अर्ज केलाय. तुझं निवेदन लागतंय."

शिपायानं कागद आत दिला. ऋतुराजनं न वाचता सही केली.

"वाच तरी."

"खरंच असणार."

वकीलनं कागद परत घेतला, सही तपासली, फाइलमध्ये ठेवला. उठता उठता पुन्हा बसला.

"मला कोठडीत एकच कोडं पडलं होतं. मागितली असतीस तर ती जागा मी दिली असती का? लई विचार केला. नसती दिली."

"मला हेवा वाटला तुझा," ऋतुराज म्हणाला. हे त्यानं कोर्टात सांगितलं होतं, पण वकीलला तो पहिल्यांदाच सांगत होता. "तू डबा वाटून खायचास, त्याचासुद्धा."

"मलाही वाटायचा तुझा. पहिल्या दिवसापासून." वकील शांतपणे बोलत होता, जुनी गोष्ट सांगावी तसा. "तुझी आई भेटीला आली की तिला इथं खुर्ची द्यायचे. माझी आई फाटकाबाहेर उन्हात बसायची, नाव पुकारीपर्यंत. सात वर्षं मी ते बघत होतो आणि तुझ्या शेजारी जेवत होतो. मी तुझं काही उचललं नाही, ऋतू."

वकीलनं फाइल काखेत मारली.

"पुन्हा येशील?" ऋतुराजनं विचारलं.

वकीलनं खरोखरच विचार केला. "माहीत नाही," तो म्हणाला आणि निघाला.

भेटीच्या खोलीला एक उंच खिडकी होती, तिथून फाटक दिसायचं. ऋतुराज टाचा उंचावून उभा राहिला. फाटकातून भेटीला आलेली माणसं एकेक करून बाहेर पडत होती: एक म्हातारा, दोन बायका, हातात मोटरसायकलचं हेल्मेट घेतलेला कोणी तरी. शिपाई त्यांना हातानंच पुढे जायला सांगत होता. वकील जवळ आला तेव्हा शिपायानं समोरच्या पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आतच वकील बाजूला सरकला, पिशवी बाकावर ठेवली आणि आतली एकेक वस्तू बाहेर काढून रांगेत मांडू लागला.